प्लास्टरवरची दोन शून्यं

मागच्या डिसेंबरात मी चौदा माणसं, एक ढोलकी आणि एक गिटार घेऊन चुकीच्या घरात शिरलो. नुसता शिरलो नाही. तिथे तीन नाताळगीतं म्हटली, त्या घरावर आशीर्वाद मागितला, दोन ताटं कोडबळी, म्हणजे इकडची कडबोळी, फस्त केली आणि वरून त्या घरच्या पोरीला एक वचन देऊन बाहेर पडलो. घर चुकल्याचा किस्सा मी आजही कुणी विचारो न विचारो रंगवून सांगतो. वचनाचं काय झालं, ते मात्र सहसा गाळतो. आज ते गाळणार नाही.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. बंगळुरात यशवंतपूरच्या एका कारखान्यात मी तपासणी खात्यात आहे. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, उजेडात धरायचा आणि त्यात खोट शोधायची, हे माझं काम. गेली बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर माझी चूल पेटते. माझ्या स्वतःच्या चुकांचं खातं घरी आहे. ते माझी बायको रूथ एकटी सांभाळते, आणि तिला कधी मदतनीस लागलेला नाही.

हे सगळं आत्ता वर यायचं कारण एक वास. परवा संध्याकाळी मल्लेश्वरमच्या बाजारातून येत होतो. इथे हवेत गारठा आला, रस्त्यावरच्या म्हाताऱ्यांनी माकडटोप्या चढवल्या, की पदपथाच्या कडेला गोणपाटांवर अवरेकायच्या शेंगांचे हिरवे ढीग पडतात. आपल्याकडचे पावटे, त्यांचे हे बंगळुरी चुलतभाऊ. या शेंगेला एक तेलकट, रानटी वास असतो. हाताला लागला की दोन दिवस साबणाला दाद देत नाही. जाणकार गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी मूठभर शेंगा नाकाला लावतं. मीही लावल्या. आणि लावून तसाच उभा राहिलो. विकणारी बाई पाहत राहिली. मागच्या माणसाने खाकरून घेतलं. मी तिथे नव्हतोच. मी अकराव्या क्रॉसवरच्या, म्हणजे अकराव्या आडव्या गल्लीतल्या, एका जुन्या घरात, खिडकीपाशी, मांडीवर परात घेऊन बसलो होतो, आणि एक आठ वर्षांची मुलगी मला म्हणत होती, ‘असं नाही. चिमटीत धरा. तुम्हाला कुणी काहीच शिकवलं नाही का?’

तर ती फेरी. आमची मराठी मंडळी म्हणजे वीस-बावीस घरं. कुणी नगरचे, कुणी मिरजेचे, कुणी जालन्याचे. एका मोठ्या चर्चमधली कन्नड उपासना आटोपली की मागचा हॉल दुपारी आम्हाला मिळतो. तिथे आम्ही मोठ्याने मराठी गातो, मोठ्याने मराठीत भांडतो, आणि आठवडाभराचा कन्नड-हिंदी-इंग्रजीचा शीण काढतो. डिसेंबर आला की गाणी घेऊन घरोघर फेरी. फेरीत मी झांज वाजवतो. याचं कारण मला गाता येत नाही. खरं तर झांजही येत नाही, पण तिच्यात सूर नसल्यामुळे लोक सहन करतात.

त्या शनिवारी बाराव्या क्रॉसवर जायचं होतं. नागपूरहून नवं आलेलं एक जोडपं, मनोज आणि प्रिया, दोघंही आयटीत. बंगळुरातला त्यांचा पहिला नाताळ. आमच्या गिटारवाल्या पोराने फोन काढला. ‘काका, प्रियाताईंनी लोकेशन पाठवलंय, लावू का?’

‘ठेव तो खिशात,’ मी म्हणालो. ‘अकरा वर्षं मी याच गल्ल्यांतून दूध आणतोय.’

आणि एक क्रॉस आधीच वळलो.

वळलो, आणि समोरच्या घरावर चांदणी दिसली. इथे आमच्या लोकांचं एक घरगुती गुपित फोडायला हवं. नाताळची म्हणून जी चांदणी आम्ही दारावर लावतो, ती आमच्यातल्या निम्म्या घरांत दिवाळी उरकल्यावर उतरत्या भावात आणलेला आकाशकंदीलच असते. पाच टोकं असली की झालं. दिवाळी होऊन महिना उलटला, अख्ख्या गल्लीतले कंदील उतरले, आणि एकाच घरावर पाच टोकांचा कंदील लोंबतोय. हे घर आपलं नाही तर कुणाचं? मी फाटक उघडलं. ओसरीत एक सत्तरीच्या बाई उभ्या होत्या. मी आमच्या मंडळीच्या रीतीने दणक्यात म्हणालो, ‘सलाम! आलो बरं का आम्ही!’

त्या म्हणाल्या, ‘या की. आत या. स्वल्प वाकून या, दार बुटकं आहे.’

मराठी! आता शंका घेणारा मी कोण? माझ्या तपासणी खात्यात एवढ्या पुराव्यावर अख्खा गाडीभर माल पास होतो.

आत शिरलो. समोरच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या, खाली निरांजन होतं. मला दिसलं नाही. रूथला दिसलं. तिने मला कोपर मारलं. त्याचा अर्थ मी ‘सुरू करा’ असा घेतला आणि झांज उचलली.

खिडकीपाशी दिवाणावर एक मुलगी भिंतीकडे तोंड करून निजली होती. तिचा एक पाय मांडीपासून बोटांपर्यंत पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता. ढोलकीवर पहिली थाप पडली तशी तिची मान हलली. पहिल्या गाण्याच्या मध्यावर ती कुशीवर वळली. दुसऱ्या गाण्यात हातांवर भार देऊन उठून बसली. तिसऱ्यात माझ्या झांजेकडे पाहून हसायला लागली, कारण मी सगळ्यांच्या पुढे एक ठोका चाललो होतो. मग मी डोळे मिटून त्या घरावर आशीर्वाद मागितला. बाई हात जोडून ‘सरी, सरी’, बरं, बरं, म्हणत होत्या. मग कोडबळी आली, स्टीलच्या लोट्यांतून कॉफी आली. ‘गाव कुठलं?’ त्यांनी विचारलं. ‘नगर,’ मी म्हणालो. ‘ते कुठं आलं? पुण्याकडं का? आमचं आजोबांच्या आजोबांपासून बेंगळूरच.’ तरीसुद्धा मला काही उमगलं नाही. नागपूरकर मुलीची सासू असेल, म्हटलं.

निघताना त्या मुलीने माझा सदरा धरला. ‘उद्या येणार?’

पोट भरलेलं होतं. चौदा माणसं पाहत होती. मी छातीवर हात मारून म्हणालो, ‘उद्याच काय, रोज येणार! तुझा पाय बरा होईपर्यंत रोज. आपण शब्दाचे पक्के.’

फाटकाबाहेर पडलो आणि प्रियाचा फोन आला. ‘काका, कुठे आहात? समोसे गार झाले.’ आम्ही सगळे रस्त्यावर उभे राहून एकमेकांची तोंडं पाहू लागलो. गिटारवाला आधी फुटला. मग सगळे. रूथ तर ढोलकीवर वाकून हसत होती. त्या हसण्यात वचन कुठे पडलं, ते मला कळलंही नाही.

आपण पोरांना किती सहज ‘उद्या’ म्हणतो! उद्या आणू, उद्या जाऊ, उद्या दाखवतो. मोठ्या माणसाच्या तोंडातला ‘उद्या’ म्हणजे दार लावून घेण्याची सभ्य रीत. पोरं ते ऐकतात आणि खरंच उद्याची तयारी करतात. माझ्या खात्यात एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची चूक मी चालवून घेत नाही, आणि इथे एक अख्खा दिवस मी हातातून सोडून दिला होता. एक नाही, दोन.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, कारखान्यातून येताना याच अवरेकायच्या ढिगापाशी त्या बाई भेटल्या. त्यांचं नाव जयम्मा. मी ओशाळून घर चुकल्याची कबुली दिली. त्या हसल्या. ‘दुसऱ्या गाण्यात येसूस्वामी आले, तेव्हाच समजलं मला. आधी वाटलं, मराठा संघाची भजनमंडळी असेल. मग म्हटलं, गाताहेत, गाऊ दे. आमची चैत्रा पंधरा दिवसांत पहिल्यांदा आपली आपण उठून बसली होती, अण्णा. मी मधे बोलून ते मोडू का?’

मग पिशवीत शेंगा भरता भरता, माझ्याकडे न बघता, त्या म्हणाल्या, ‘रविवारी तिनं वेणी घालून घेतली. काल पण. फाटक वाजलं की मान वर. मी सांगितलं, ते मोठे लोक आहेत, कामं असतात. तर विचारती, अज्जी, मोठे लोक खोटं बोलतात का?’

‘मग तुम्ही काय सांगितलं?’

‘काय सांगू? तिची आई दिवसभर कामावर, अप्पा चेन्नईत नोकरीला. दर शुक्रवारी येतो म्हणतो. येतो कधी, कधी नाही. तोही वाईट नाही. कामं असतात.’

त्यांच्या बोलण्यात राग असता तर मी काहीतरी विनोद करून निसटलो असतो. राग नव्हता. त्या माझ्या वतीने सबब सांगत होत्या. एक कमी वापराचं कुलूप असतं माणसाच्या आत, ते त्या बाजाराच्या गलबल्यात कट्कन उघडलं. म्हटलं, साळवे, वीस वर्षं दर रविवारी पोरांच्या शब्बाथ शाळेत तू शेजाऱ्यावरच्या प्रीतीचा धडा घेतोस. खडूने चित्रं काढतोस. हे घर तुझ्या घरापासून चारशे पावलांवर आहे. अकरा वर्षं तू दूध घेऊन त्याच्यापुढून गेलास. आत कोण राहतं ते तुला चुकूनच कळलं, आणि कळल्याच्या दुसऱ्या दिवशी तू ते विसरलास.

घरी न जाता तसाच त्यांच्याबरोबर गेलो.

चैत्राने मला पाहिलं, माझ्या मागे पाहिलं. ‘तुम्ही एकटेच? गाणारे कुठे आहेत?’

‘मी आहे ना,’ मी म्हणालो, आणि एक गाणं सुरू केलं. दोन ओळींनंतर तिने कानांवर हात नाही ठेवले, एवढी ती सुसंस्कृत होती. पण म्हणाली, ‘राहू द्या. तुम्हाला अवरेकाळू सोलता येतात?’

येत नव्हते. शेंगेतला भिजवलेला दाणा चिमटीत धरून दाबला की सालीतून सुळकन निसटतो आणि परातीत पडतो. तिचा पडायचा. माझा एक माझ्याच डोळ्यात गेला, एक निरांजनावर, एक जयम्मांच्या कॉफीत. ती इतकी हसली की प्लास्टर दिवाणाच्या लाकडावर खडखडलं. मग तिने उशीखालून निळं स्केचपेन काढलं आणि प्लास्टरवर गुडघ्याच्या जरा वर एक उभी रेघ मारली. रेघेच्या आधी दोन शून्यं होती.

‘हे काय?’

‘तुमची हजेरी. रविवार, सोमवार, मंगळवार.’

‘ती शून्यं खोड की. मी आलो ना आता.’

‘रविवारी आलात?’

‘नाही.’

‘मग?’

अशी तपासनीस माझ्या खात्यात असती तर कारखाना बंद पडला असता.

त्या दिवसापासून मी रोज जात राहिलो. हे वाक्य लिहायला सोपं आहे. करायला बसलं की संध्याकाळचे सहा वाजणं ही काय चीज आहे ते कळतं. सहा वाजता नेमकी कारखान्यात मीटिंग निघते. सहा वाजता यशवंतपूरच्या चौकात वाहनांची गाठ बसते. सहा वाजता पाहुणे येतात, पाठ धरते, पाऊस नसताना पाऊस येतो. एकदा ताप होता, तर मी फाटकाबाहेर उभा राहून खिडकीच्या दिशेने हात हलवला. तिने आधी तोंडाला रुमाल बांधायला लावला, मगच रेघ मारली. एकदा पावणेआठ झाले. दारातूनच ‘आलो’ म्हणालो आणि तसाच परतलो. तिने अर्धी रेघ मारली. दुसऱ्या दिवशी मी पाच मिनिटं जास्त बसून ती पुरी करून घेतली.

घरी रूथ म्हणायची, ‘इतक्या वर्षांत आपल्या घरी वाटाणा सोलायला सांगितला तर तुमची पाठ धरायची. आता धरत नाही?’ पण सहाला दहा कमी असले की मोजे शोधून तीच पुढे करायची, आणि डब्यात काहीतरी घालून द्यायची. मंडळीत जन्मनाटकाच्या तालमी चालू होत्या, आणि त्यात हेरोद राजा कायम मी. बाळांच्या जिवावर उठलेला तो राजा. तालमी सहालाच. मी पाळकसाहेबांना सांगितलं की मला जमायचं नाही. त्यांनी कारण विचारलं. सांगितलं. ते म्हणाले, ‘पोरांना छळणारा मिळेल कुणी तरी, साळवे. जा तुम्ही.’

सगळ्यांनाच हे रुचलं असं नाही. जयम्मांच्या घराच्या माडीवरचे भाडेकरू एकदा जिन्यात थांबून, मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, ‘अक्का, हे रोज कशाला येतात?’ त्या प्रश्नाला एक धार होती, आणि ती कुठून येते ते आमच्यासारख्या माणसांना लगेच कळतं. माझी कानशिलं तापली. मी मनात उत्तराची जुळवाजुळव करू लागलो: मी कोण, माझा विश्वास काय, शेजारधर्म म्हणजे काय. जयम्मांनी परातीतून मान वर केली नाही. म्हणाल्या, ‘अवरेकाळू सोलायला.’

वीस वर्षं मी जे शिकवत आलो, त्याचा इतका नेमका सारांश मला एकदाही जमला नव्हता.

मला तेव्हा आईची सुई आठवली. आई नगरला एका दवाखान्यात आया होती. तिच्या पदराच्या काठात दोरा ओवलेली सुई कायम खोचलेली असायची. सकाळी कामावर जाताना वाटेत शाळेला निघालेलं कुणाचंही पोर दिसलं आणि त्याच्या सदऱ्याला गुंडी नसली, की ती त्याला थांबवायची, गुडघ्यावर बसायची, टाके घालायची, दोरा दातांनी तोडायची आणि पाठीत एक धपाटा घालून पुढे पाठवायची. गुंड्या तिच्या बटव्यात असायच्या; रंग जुळेलच असं नाही. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं पांढऱ्या सदऱ्यावर एक तपकिरी गुंडी लावून फिरायची. प्रीती हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. उपासनेत कुणी त्यावर फार वेळ बोलू लागलं, तर ती बसल्या जागी पेंगायची. मला मात्र शब्द भरपूर येतात. गुंडी लावता येत नाही.

पण सोलता येऊ लागलं. नाताळच्या आठवड्यापर्यंत माझा दाणा दहातून नऊ वेळा परातीत पडायचा. सोलताना चैत्रा बोलायची. स्टुलावर चढून तो कंदील काढायला गेली तेव्हाच ती पडली होती. म्हणून तो अजून लोंबत होता. कुणी हात लावू द्यायची नाही. ‘मी चढले, मी पडले, मीच काढणार.’ मला ते पटलं. मला तिने नाव दिलं होतं झांजमामा. शाळेत तिच्या जागेवर आता दुसरी मुलगी बसते, याचं तिला पायापेक्षा जास्त दुःख होतं. कधी हातातला दाणा तसाच धरून ती विचारायची, ‘पाय आत वाळून गेला असेल का?’ मी ‘छे, छे’ म्हणायचो. ती माझ्याकडे निरखून बघायची. ‘तुम्ही बघितलाय?’ ‘नाही.’ ‘मग छे कसं म्हणता?’ तेव्हापासून मी ‘छे’ म्हणणं सोडलं. ‘मला ठाऊक नाही, पण तो उघडतील त्या दिवशी मी येईन,’ असं म्हणू लागलो. ते तिला चालायचं.

पंचवीस तारखेला दुपारी मंडळीचं जेवण लांबलं. नवा हेरोद माझ्यापेक्षा चांगला झाला होता, हे मला तीन-चार जणांनी आवर्जून सांगितलं. साडेपाचला रूथने पुलावाचा डबा माझ्या हातात दिला आणि ती स्वतःही चप्पल घालून उभी राहिली. मग मनोज-प्रिया निघाले. मग गिटारवाला. त्या संध्याकाळी त्या खोलीत सहा माणसं अवरेकाळू सोलत होती, आणि एकानेही गाणं म्हटलं नाही, कारण चैत्रा म्हणाली, ‘आधी परात संपवा.’

आणि आता हा डिसेंबर. या वर्षी आमच्या फेरीच्या कागदावर अकराव्या क्रॉसवरचं ते घर रीतसर लिहिलेलं आहे. जयम्मांनी मला आधीच बजावलंय, ‘कोडबळी मोजून करणार नाही, पण तुम्ही मोजून खा.’ कंदील या वर्षी दिवाळीनंतर चौथ्या दिवशी उतरला. चैत्रा स्टुलावर चढली, शेखर, तिचा बाप, दोन्ही हातांनी स्टूल धरून खाली उभा होता. तो हल्ली शुक्रवारी येतो म्हणाला की येतो. न जमणार असेल तर गुरुवारीच तसं सांगतो. त्याच्यात आणि माझ्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. पण फाटकात भेटलो की तो माझा हात जरा जास्त वेळ धरतो. ते कशामुळे, हे सांगायचं तर जानेवारीतल्या त्या शनिवारपर्यंत मागे जावं लागतं.

संक्रांत होऊन गेली होती. ताटलीतल्या साखरेच्या आच्च्यांना, संक्रांतीला साच्यात पाडतात त्या साखरेच्या बाहुल्यांना, मुंग्या लागल्या होत्या. प्लास्टर सकाळी दवाखान्यात कापलं. हजेरीचा तुकडा तिने डॉक्टरांशी भांडून घरी आणला होता. मी सहाला पोचलो तेव्हा तो खिडकीत उभा करून ठेवलेला होता, आणि घरात असं काही शांत होतं की मी चपला हातात घेऊनच आत आलो. चैत्रा दिवाणाच्या कडेला बसली होती. पाय खाली सोडलेला. बारीक, फिकट, सालपटं निघालेला, जणू दुसऱ्या कुणाचा. हाड सांधलं आहे, आता टेकवायचा, भार द्यायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. दुपारपासून ती टेकवत नव्हती. तिच्या आईने समजावलं होतं. जयम्मांनी देवाला नारळ बोलला होता. शेखर तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला होता, दोन्ही हात पसरून.

‘ये चैत्रा. मी धरतो. सोडणार नाही.’

‘सायकल शिकवताना पण असंच म्हणाला होतात, अप्पा.’

शेखर हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. पाय बारीक झाला होता, पण वाळून गेला नव्हता, हे आता चैत्राला दिसत होतं. तिला भीती पायाची उरली नव्हती. आता भीती हातांची होती. तिने खिडकीतल्या तुकड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘झांजमामा, तुम्ही धरा.’

मी शेखरकडे पाहिलं. बापाच्या जागी उभं राहायची मला हौस नव्हती. तो हळूच म्हणाला, ‘त्यांनाच का, चिन्ना?’

‘त्यांची दोनच शून्यं आहेत,’ ती म्हणाली.

आपली किती, हे शेखरने विचारलं नाही. तो उठला, बाजूला झाला, आणि जाता जाता त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली, स्वतःच्या जागी बसवलं.

ती दोन शून्यं खोडावीत म्हणून महिनाभर मी तिची मनधरणी केली होती. आता वाटलं, बरं झालं खोडली नाहीत. पुढच्या सगळ्या रेघा खऱ्या आहेत, याला पुरावा तीच तर होती.

मी तिचे दोन्ही हात धरले. हात गार होते आणि त्यांना अवरेकायचा वास होता. मनात प्रार्थना केली, अगदी लहान, कारण मोठीला वेळ नव्हता. चैत्राने टाच टेकवली. मग चवडा. मग डोळे मिटून भार दिला आणि माझी बोटं अशी आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक पाऊल. शेखर श्वास धरून भिंतीला टेकला होता. दुसरं पाऊल. तिने डोळे उघडले. खोलीच्या मध्यावर आम्ही दोघं पोचलो होतो, मी गुडघ्यांवर मागे सरकत, ती पुढे येत, आणि मला इतकं भरून आलं की तोंड आपोआप उघडलं आणि मी, नाताळ होऊन तीन आठवडे झाले असताना, पहिल्या रात्रीचं एक गाणं सुरू केलं.

चैत्रा थांबली.

‘गाऊ नका हां, मामा. पडेन मी.’